प्रार्थनेने सावरलेले आयुष्य : पंडिता रमाबाई

द्वितीय वर्ष, बी. ए.

दुःख कोणाला चुकले आहे? राजाला चुकले नाही, रंकाला चुकले नाही. मात्र दुःख आले म्हणजे त्याचे करायचे काय, हा प्रश्न ज्याचा त्याला सोडवावा लागतो. कोणी ते गिळून टाकतो, कोणी नशिबाला बोल लावतो, तर कोणी देवापुढे बसून मन मोकळे करतो. आपल्या महाराष्ट्राला ही शेवटची वाट चांगली परिचयाची आहे. आपले संत विठ्ठलाला माउली म्हणत आले, त्याच्याशी भांडत आले, त्याच्यापुढे रडत आले. जनाबाईंनी दळणकांडण करता करता आपले मन त्याच्यापुढे रिते केले. याच महाराष्ट्रात पुढे एक अशी विदुषी होऊन गेली की, जिने आपल्या मनाच्या जखमांवरचे औषध ख्रिस्ती प्रार्थनेत शोधले, आणि तेच औषध शेकडो निराधार मुलींना दिले. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेत असताना मला रमाबाईंविषयी एवढेच ठाऊक होते की, त्या संस्कृतच्या पंडिता होत्या आणि विधवांसाठी त्यांनी शारदा सदन काढले. कॉलेजात आल्यावर त्यांचे चरित्र वाचले तेव्हा मन सुन्न झाले. एका माणसाच्या वाट्याला इतके मृत्यू यावेत आणि तरीही त्या माणसाने हजारोंची आई व्हावे, हे कसे घडले असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मी येथे प्रयत्न करीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असे मानण्याच्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. त्यासाठी त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. तरी ते डगमगले नाहीत. पुढे आईनेच रमाबाईंना पहाटे पहाटे श्लोक शिकविले. घरची संपत्ती गेल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षे क्रम होता. पुराणांतील हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते.

१८७० नंतर दक्षिणेत दुष्काळाची वर्षे आली. पुराण ऐकायला कोणी येईना, आणि अंगमेहनतीची सवय नसलेल्या या कुटुंबाला दुसरे काम ठाऊक नव्हते. जवळचे होते ते विकून खाल्ले, मग रानातला पाला खाल्ला. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी तर जलसमाधी घेण्याचा विचार केला होता. अखेर उपासमारीने ते गेले. त्यांच्यामागे थोड्याच काळात आई गेली. आईला स्मशानात न्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला रमाबाई स्वतः पुढे झाल्या. त्या ठेंगण्या होत्या. खांदा पुरेना म्हणून त्यांनी आईचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाई हीही गेली. हे वाचताना माझ्या हातातले पुस्तक मी काही वेळ मिटून ठेवले होते.

उरले दोघेच, रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघांनी उत्तर हिंदुस्थान पायी पालथा घातला. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते म्हणून त्यांनी वाळूत खड्डे केले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. अशी वर्षे काढून १८७८ साली ते कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या मुलीने काही वर्षांपूर्वी पाला खाल्ला होता तिच्या पायाशी आता मानसन्मान आले होते.

कलकत्त्यातच रमाबाईंनी पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. ही हकीकत मोठी गमतीची आहे. एका ख्रिस्ती मेळाव्याला भाऊ-बहीण गेले होते. प्रार्थनेच्या वेळी सारी मंडळी उठून आपापल्या खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. समोर मूर्ती नाही, फूल नाही, नैवेद्य नाही. त्या दोघांना वाटले, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय! पुढे जिचे सारे जीवन प्रार्थनामय झाले, तिची प्रार्थनेशी पहिली ओळख अशी झाली. याचा अर्थ असा की, रमाबाई एका दिवसात भारावून ख्रिस्ती झाल्या नाहीत. पाहणे, शंका घेणे, वाचणे आणि मगच स्वीकारणे, हा त्यांचा स्वभाव होता.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पती ब्राह्मण नव्हते, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. त्या काळी हे मोठेच धाडस होते. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. सिल्चरच्या घरातच लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली आणि त्यांनी ती आवडीने वाचली. परंतु हे सुखही टिकले नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती! वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाईंचे सारे गणगोत संपले. कडेवर तेवढी तान्ही मनोरमा उरली.

त्या काळात अशा विधवेने काय करावे अशी समाजाची अपेक्षा होती? केशवपन करावे, लाल आलवण नेसावे आणि कोपऱ्यात बसून पूर्वजन्मीच्या पापांचा विचार करावा. रमाबाईंनी यातले काहीच केले नाही. त्या पुण्यास आल्या, १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षक हवेत अशी मागणी केली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की या बाई दुःख विसरल्या. पण दुःख असे विसरले जात नसते. कामाच्या गर्दीत ते आत दबून राहते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. तेथून त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील एक संस्था दाखवायला नेले. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना भगिनी तेथे मायेने सांभाळीत होत्या, आणि त्यातल्याच काही स्त्रिया सुधारून इतरांची सेवा करीत होत्या. रमाबाईंनी शास्त्रे वाचली होती, पुराणे वाचली होती. पण पतित स्त्रीला जवळ घेणारा धर्म त्यांनी असा डोळ्यांनी पाहिला नव्हता. हे बळ कोठून येते, असे त्यांनी विचारले. तेव्हा भगिनींनी त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू कसा बोलला ती कथा सांगितली. रमाबाईंच्या मनाने तेथे पालट घेतला.

याच सुमारास आणखी एक भयंकर घटना घडली. त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने विष घेऊन आत्महत्या केली. परक्या देशात एकटेपणा आणि मनाची ओढाताण माणसाला कोठवर नेऊ शकते हे रमाबाईंनी अगदी जवळून पाहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांनीच टीकेची झोड उठविली. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. आमच्या कोल्हापूरकडच्या मंडळींना, जेथे सत्यशोधक विचार रुजला, याचे विशेष अगत्य वाटावे. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आजही मतभेद असू शकतात. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. त्यांनी धर्म बदलला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांनी धर्मतत्त्वांवर पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. त्या शाकाहारीच राहिल्या आणि साडीच नेसत राहिल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत त्यांना सोडावा लागला, तरी चेल्टनहॅम येथे त्या शिकल्या आणि शिकविल्याही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. व्याख्याने देऊन निधी उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. येथेच शिकलेल्या गोदूबाईंचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येते. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला १८८३ साली. पण मनाला खरी शांती मिळाली ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, पुण्यात असताना. तोपर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना वाटत असे. याचे कारण मला असे दिसते की, पंडितेला धर्म आधी डोक्याने समजतो. व्रतांचे, तीर्थांचे, पारायणांचे फळ मोजायची सवय लहानपणापासून लागलेली. इतके केले की इतके पुण्य. आईवडिलांनी तर आयुष्यभर सारे केले आणि उपाशी मेले! हा हिशेब कोणत्या श्लोकाने जुळायचा? जेव्हा त्यांनी हिशेब सोडला, आपण जसे आहोत तसे, रिकाम्या हातांनी, देवापुढे बसावे आणि लेकराने आईला सांगावे तसे सांगावे, हे त्यांना उमगले, तेव्हा मनावरचे ओझे उतरले. प्रार्थना म्हणजे मागणी नव्हे आणि मंत्रही नव्हे, ते मन उघडे करणे आहे, असा त्यांच्या अनुभवाचा अर्थ मी घेते.

या प्रार्थनेनेच पुढे वादळ उठविले. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करायची नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचीत, प्रार्थना करीत. मात्र दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली दाराशी येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दोन्ही बाजू मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. ज्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्या पालकांची भीती खोटी नव्हती. परंतु त्या दाराशी येणाऱ्या मुली कोण होत्या? बालविधवा! घरात ज्यांना पांढऱ्या पायाची म्हणत, ज्यांच्याशी कोणी दोन शब्द धड बोलत नसे. कोणी तरी आपल्या दुःखाविषयी मोठ्याने बोलते आहे आणि त्याला पाप म्हणत नाही, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकले असेल. त्यांची पावले तिकडे वळली यात नवल ते काय?

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती बातमी ऐकून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. स्वतःची जखम माणसाला दोन प्रकारे वागवते. एक तर ती दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहूच देत नाही, किंवा ती दुसऱ्याच्या दुःखाकडे ओढून नेते. रमाबाई दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांनी दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर या मुलींना आणले. ते मुक्ति सदन. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या मुली कोणत्या अवस्थेत आल्या असतील याची कल्पना करावी. हाडांचे सापळे, डोक्यात उवा, अंगावर फोड. त्याहून वाईट म्हणजे मनाची अवस्था. डोळ्यांदेखत आईबाप मेलेले, कोणी विकलेले, कोणी भ्रष्ट केलेले. भाकरी दिसली की झडप घालायची आणि लपवून ठेवायची. अशा मुलीला आधी प्रार्थना शिकवून काय होणार? रमाबाईंनी आधी अंघोळ घातली, अन्न दिले, औषध दिले. मग काम दिले. मुक्ति सदनात शेती होती, गाईगुरे होती, तेलाचा घाणा होता, छापखाना होता आणि हातमाग होते. आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तीमी सदन होते. तेथे ब्रेल लिपी शिकविली जाई आणि मनोरमाबाईंचा त्यात मोठा वाटा होता. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते; त्याचे बी फुलहॅमला पडले होते हे उघड आहे.

आमच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला, याचा आम्हांला अभिमान वाटतो. त्याच सुमारास तिकडे केडगावला दुष्काळातून वाचलेल्या मुली हातमागावर कापड विणीत होत्या. मागावर काम करणाऱ्याला ठाऊक असते की, तुटलेला धागा रागाने ओढून चालत नाही. माग थांबवून, दोन टोके शोधून, गाठ मारावी लागते. तुटलेल्या मनाचेही असेच असावे. दिवसातून ठरलेल्या वेळी सारे काम थांबवून प्रार्थनेला बसणे म्हणजे ती गाठ मारण्याची वेळ होय.

१९०५ साली मुक्ति सदनात एक विलक्षण गोष्ट घडली. युरोपातील वेल्स देशात १९०४-०५ मध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली होती. तिची वार्ता केडगावपर्यंत पोचली होती. रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थना करण्यास सांगितले. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी बसू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या कित्येक पटींनी वाढली. जूनच्या अखेरीस मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, आपले अपराध उघड सांगू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. काही परदेशी पाहुण्यांना हा गोंगाट रुचला नाही. परंतु रमाबाईंनी तो थांबविला नाही. आपल्या देशातील स्त्रिया आपल्या पद्धतीनेच देवापुढे रडणार, त्यांना इंग्रजी शिस्तीची सक्ती कशाला, अशी त्यांची भूमिका होती. ‘मुक्ति प्रेयर बेल’ या आपल्या पत्रातून त्यांनी तिचे समर्थन केले.

या घटनेला कोणी चमत्कार म्हणेल, कोणी सामुदायिक उन्माद म्हणेल. मला यातले काहीच म्हणावेसे वाटत नाही. ज्या मुलींनी आईबापांच्या मरणावर रडून घेतले नव्हते, कारण तेव्हा पोटातली भूक रडण्यापेक्षा मोठी होती, त्यांना रडायला जागा मिळाली आणि सोबत मिळाली, एवढे मला दिसते.

हे मला समजले ते माझ्या आत्यामुळे. आमचे घर ख्रिस्ती नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. आत्या तिशीची होण्यापूर्वीच विधवा झाली. आमच्याकडेच राहते आणि कांड्या भरण्याच्या कामाला जाते. घरात मी तिला कधी रडताना पाहिले नाही. मात्र गल्लीतल्या भजनात बसली की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहते. कोणी तिला कारण विचारीत नाही, कोणी उगी उगी म्हणत नाही. शेजारच्या बायका टाळ वाजवीत राहतात. केडगावच्या मुलींचे गुडघे वेगळ्या देवापुढे टेकले होते हे खरे; पण ते पाणी मला ओळखीचे वाटले.

तरीही प्रार्थना केली की सारे होते, असा अर्थ कोणी काढू नये. रमाबाईंनी तो काढला नव्हता. त्यांनी प्रार्थनेबरोबर डॉक्टर ठेवले, शाळा ठेवली, माग ठेवले. आज मनाच्या आजारांवर औषधे आहेत, तज्ज्ञ आहेत. ज्याला त्यांची गरज आहे त्याने त्यांच्याकडे संकोच न करता जावे. कोणाला नुसता देवाचा धावा कर म्हणून वाटेला लावणे हे रमाबाईंचे अनुकरण नव्हे. त्यांच्या घरी प्रार्थना आणि भाकरी एकाच पंगतीत वाढली जात होती.

उतारवयात रमाबाईंनी एक प्रचंड काम हाती घेतले. बायबलचे मराठी भाषांतर सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या भाषेत हवे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सारे बायबल त्यांनी एकटीने मराठीत आणले. ते मुक्ति सदनाच्याच छापखान्यात, तेथल्याच मुलींच्या हातांनी छापले गेले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

पण दैवाची परीक्षा अजून संपली नव्हती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. सिल्चरहून कडेवर घेऊन निघालेली, इंग्लंडला बरोबर नेलेली, आपल्यामागे सारे सांभाळील म्हणून जिच्याकडे पाहिले ती एकुलती एक लेक गेली. तरुणपणी मृत्यूंनी रमाबाईंना गावोगाव हिंडविले होते. या वेळी त्या जागच्या हलल्या नाहीत. भाषांतराचे काम चालूच राहिले आणि ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. छापील बायबल १९२४ साली बाहेर पडले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधारांना आसरा देते.

वाचक मित्रमैत्रिणींनो, रमाबाईंचा धर्म तुम्ही घ्यावा असे मी म्हणत नाही; माझाही तो विषय नाही. परंतु आपल्या वर्गातही बाहेरून हसणारी आणि आतून खचलेली मुले-मुली असतील. त्यांना उपदेश नको असतो. त्यांना कोणी तरी दार उघडे ठेवून बसलेले हवे असते. शारदा सदनातल्या एका खोलीचे दार रमाबाईंनी उघडे ठेवले, त्यापायी मानमान्यता, मित्र आणि देणग्या गमावल्या, पण दार लावून घेतले नाही. त्या धैर्याला माझे विनम्र अभिवादन.